वाडगाभर भात आणि आईचे कावळे

चार दिवस स्वतःचं जेवण स्वतः करून दाखवायचं, असं मी ठरवलं ते केवळ भिडेपोटी. आमच्या जयलक्ष्मीचं बाळंतपण हैदराबादेत व्हायचं होतं. वेदवतीला, म्हणजे आमच्या मंडळींना, दोन महिने लेकीकडे जायचं होतं. पण मला उपाशी टाकून जायचं कसं, म्हणून ती तिकीटच काढेना. लेकीचा फोन येऊन गेला की आत जाऊन डोळे पुसायची. मला ते बघवेना. शेवटी असं ठरलं की तिने चार दिवस सरगूरला बहिणीकडे जावं आणि मी इथे परीक्षा द्यावी. पास झालो तर हैदराबाद. (बत्तीस वर्षं कचेरीत खात्याच्या परीक्षा चुकवत आलेल्या माणसाने हे कबूल केलं, ह्यावरून माझं बायकोवरचं प्रेम लक्षात यावं.)

जयलक्ष्मीने फोनवर धडा दिला. "अप्पा, राइस बाउल करा. खाली भात, वर घरात असेल ते. आयितु, मुगीतु. झालं, संपलं."

घरात होतं ते मी वर घातलं. काकडी, तळलेले शेंगदाणे, दही, आणि तिबेटी लोकांच्या बैलकुप्प्याहून कोणीतरी आणून दिलेली लालभडक चटणी. वाडगा दिसायला झकास झाला. फोटो लेकीला पाठवला आणि पहिला घास उचलणार, तोच आठवलं, पितृपक्ष चालू आहे.

ह्या पंधरवड्यात आई रोज पहिला भात मागच्या गडग्यावर पानात ठेवायची, पळी दोनदा दगडावर आपटायची, आणि कावळा शिवल्याशिवाय घरात कुणाला जेवू द्यायची नाही. ती जाऊन तीन वर्षं झाली, तरी वेदवतीने हे चालू ठेवलं होतं. काकबळीसाठी साधा भात वेगळा काढतात हे मला कुठलं माहीत? मी वाडग्यातलेच दोन डाव पानात घातले. (चटणीसकट.)

कावळे आले. अकरा होते, मी मोजले. गडग्यावर ओळीने बसले. एकानेही काव म्हटलं नाही. त्यांनी पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. भर दुपारी आमच्या सरस्वतीपुरम वस्तीत एक स्कूटरसुद्धा वाजत नव्हती. अर्ध्या तासाने सगळे एकदम उठले आणि निघून गेले. पान होतं तसं राहिलं.

दुसऱ्या दिवशी बटाटे घातले. चटणी तीच. मी पळी गडग्यावर दोनदा आपटली, आणि आतून, स्वयंपाकघरातून, दोनदा ठक ठक आलं. कुकरचं झाकण असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण कुकर मी घासून पालथा घातला होता. गडग्यावर अकरा कावळे माना तिरक्या करून बसले होते.

शेजारचे जगन्नाथराव निवृत्त मास्तर. त्यांनी गडग्यावरून डोकावून पान पाहिलं, आवाज खाली आणून म्हणाले, "हयग्रीवराव, कागे, कावळा हो, शिवत नाही म्हणजे जीव अडकलाय बघा, कणरी. काय राहिलंय ते विचारा. वचन द्या."

मी हात जोडले. आई, तुझ्या खोलीला रंग देतो, म्हटलं. कावळे गप्प. एकादशी धरतो, म्हटलं. (हे जरा चाचरतच म्हटलं.) कावळे गप्पच. खरं तर काय राहिलंय ते मला ठाऊक होतं. आईचं वर्षश्राद्ध मठात करायचं की घरी, ह्यावरून धाकट्या भावाशी, वादिराजशी, माझं बिनसलं होतं. त्याने मठात केलं, मी घरी केलं, आणि तेव्हापासून आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला. एवढंच म्हणालो की आई जेवत नाही. मग तो म्हणाला, "उद्या येतो, अण्णा."

चौथ्या दिवशी वादिराज आला, अकरा वाजता वेदवतीही सरगूरच्या बसने परतली. आम्ही तिघं मागच्या दारी उभे राहिलो. आज भातावर बीन्सची पल्या, म्हणजे परतलेली भाजी, होती, आणि चव यावी म्हणून चटणी दुप्पट. वादिराजने डोळे मिटून सांगितलं, आई, आम्ही दोघं पुन्हा भांडणार नाही. मी त्याचा हात धरला. आता नक्की शिवणार, असं मला वाटलं.

कावळे हलले नाहीत. वारा पडला होता, नारळाची झावळीही हलत नव्हती. मधला मोठा कावळा माझ्याकडे एकटक बघत होता, आणि ती नजर माझ्या ओळखीची होती. लहानपणी मी दुधाचं पातेलं करपवलं तेव्हा ती मी पाहिली होती. माझ्या तोंडातून निघून गेलं, "आई, चुकलं. मी पुन्हा चुलीला हात लावणार नाही."

मोठा कावळा टुणकन खाली उतरला आणि त्याने पानाला चोच लावली.

वादिराजने पंच्याने डोळे पुसले. मी पायरीवर बसलो. वेदवतीने वाकून वाडग्यातलं एक शीत जिभेवर ठेवलं, आणि आत जाऊन दोन तांबे पाणी पिऊन आली.

"कावळ्याचं राहू दे," ती म्हणाली. "चार दिवसांत तुम्ही ह्यातला एक तरी घास खाल्लात?"

कावळा शिवल्याशिवाय घरच्यांनी जेवायचं नाही, हा नियम मी कडक पाळला होता, हे मी तिला समजावून सांगितलं. कोपऱ्यावरच्या हॉटेलात चार दिवस इडली खाल्ली, हेही सांगावं लागलं. तिने कपाळाला हात लावला. वादिराज खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, तुम्ही सुम्ने, अगदी निर्धास्त जा. दोन महिने अण्णा आमच्या घरी जेवेल."

वेदवतीच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू आलं. तिने तिथेच उभं राहून लेकीला फोन लावला, तिकीट काढायला सांगितलं. पलीकडून जयलक्ष्मीने विचारलेलं मला स्वच्छ ऐकू आलं, की मग अप्पा स्वयंपाक शिकले का.

वेदवतीने माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावत म्हणाली, "शिकले होते ग. पण आजी नको म्हणाली."