खुर्ची दौऱ्यावर

निलंग्याच्या अण्णाराव मास्तरांना काहीही विचारा, फक्त ‘खुर्ची’ शब्द कुठून आला ते विचारू नका! विचारलंत की तुमची सकाळ गेली! “खुर्ची मुळातली आपली नव्हे बरं का,” मास्तर सुरू करायचे. “अरबीत कुर्सी. त्याच्याही आधी पार बाबिलोनकडं, राजाच्या सिंहासनाला तसलाच शब्द. तिथून फिरत फिरत निजामाच्या राज्यात आली, आन् इथं उर्दूत कुर्सी, मराठीत खुर्ची, कानडी-तेलुगूत कुर्ची! राजे गेले, राज्यं गेली, खुर्ची हाय तिथंच!”

ऐकणारा एव्हाना चपला शोधत असायचा.

पण त्या साली मास्तरांना हक्काचे श्रोते मिळाले. लातूर जिल्हा होऊन फार वर्षं झाली नव्हती. नवा जिल्हा म्हणून जो तो उत्साहात होता, पाऊस तेवढा नव्हता. हिरी आटल्या, नळाला तोंड नुसतं नावाला उरलं. तशातही गावातल्या वाचनालयानं व्याख्यान ठेवलं आणि ‘खुर्ची’ या शब्दावर बोलायला मास्तरांना बोलावलं. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी ‘बोला’ म्हणालंच नव्हतं, ‘पुरे’ म्हणणारेच भेटत होते!

“ऐकीव काही सांगणार न्हाई मी!” मास्तरांनी उमाबाईंना बजावलं. “सीमेकडच्या गावात लोक हिला काय म्हणतेत ते जाऊन ऐकतो. खुर्ची समोर ठेवायची आन् इचारायचं, हे काय हाय? आपण शब्द उच्चारला की संपलं, मग लोक तोच परत म्हणतेत.”

“आन् दाखवाया खुर्ची कुठली नेणार?”

घरात खुर्ची एकच होती, आणि तिच्यावर उमाबाई बसल्या होत्या.

उमाबाईंचे गुडघे गेले होते. डॉक्टरांनी जमिनीवर बसायला सक्त मनाई केलेली. भाजी निवडणं, वाती वळणं, शेजारणीशी बोलणं, सगळं त्या हात असलेल्या लाकडी खुर्चीत. ती खुर्ची म्हणजे त्यांचे पायच म्हणा ना.

“दिवस मावळायच्या आत आणून ठेवतो, शपथ!”

“आणाच. तवर मी दारात उभी हाय.”

दुसऱ्या दिवशी मास्तर खुर्ची डोक्यावर घेऊन स्टँडवर हजर! कंडक्टर व्यंकटी हसायला लागला. “मास्तर, खुर्चीची बदली झाली का काय?” त्यानं ती टपावर चढवली आणि चांदवाडीच्या फाट्यावर उतरवून दिली.

चांदवाडी म्हणजे कर्नाटकाच्या उंबऱ्यावरचं गाव. मास्तरांना हवं तसं! त्यांनी खुर्ची हिरीजवळच्या लिंबाखाली ठेवली, उपरण्यानं पुसली आणि चालून दम लागला म्हणून घटकाभर टेकले. इथंच चुकलं! लिंबाखाली खुर्ची, खुर्चीत चष्मेवाला माणूस. चांदवाडीत याचा अर्थ शेंबडं पोरगंही सांगेल.

समोरून कोंडाबाई नावाची म्हातारी रिकामी घागर घेऊन आली. मास्तर झटकन उठले आणि खुर्चीकडं बोट करून म्हणाले, “माय, हे काय हाय?”

खुर्चीच्या मागं हीर होती. कोंडाबाईनं पदर डोक्यावर ओढला. “हीर हाय साहेब! कोरडी ठाण! बघा की वाकून!”

“हीर न्हाई, माय. तिच्या म्होरं काय हाय?”

“म्होरं? म्होरं तर समदा अंधारच हाय, साहेब!” म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला, आणि मागं वळून अशी हाळी दिली की आख्खं गाव गोळा झालं. “आगं या गं! साहेब आलाय! खुर्ची घिऊन आलाय!”

बघता बघता घागरी, हंडे, कळश्यांची ही लांब रांग लागली! गावचे कारभारी गुरुपादप्पा धोतर सावरीत आले, त्यांनी मास्तरांना खांदे धरून परत खुर्चीत बसवलं आणि गळ्यात हार घातला. झेंडूची फुलं कुठली त्या दुष्काळात? लग्नातला कागदी हार होता!

“अहो, मी साहेब न्हाई! मी मास्तर हाय!”

“मागचा साहेबबी हेच म्हणत होता, मी न्हाई, वरचे साहेब येगळे हायेत म्हणून,” गुरुपादप्पा समजुतीनं म्हणाले. “च्या घ्या.”

चहा आला. राखून ठेवलेल्या तांब्याभर पाण्यातला तो चहा होता. मास्तरांनी कप नुसता हातात धरला.

“घेतो, पण हे बघा, मी खुर्ची घिऊन आता जातो.” मास्तर उठले. तसं सगळं गाव उठलं! कोंडाबाईनं खुर्चीचा पाय धरला. मास्तरांचा न्हाई, खुर्चीचा!

“लातूरला कचेरीत गेलो, तर खुर्ची हाय, साहेब न्हाई,” म्हातारी म्हणाली. “परत गेलो. खुर्ची हाय, साहेब दौऱ्यावर! जिल्हा जवळ आला म्हणतेत, बाबा, पर साहेब काय गावंना. आज खुर्ची आपल्या पायानं दाराशी आली. आता कशी सोडू?”

मास्तर परत खुर्चीत टेकले. बाबिलोनपासूनचं सगळं तोंडपाठ असलेला तो माणूस नुसता घागरी मोजत राहिला.

तेवढ्यात फाट्याकडून धुरळा उडवीत एक सरकारी जीप आली. गर्दी बघून थांबली. खाली उतरले पाणी खात्याचे एक कोवळे साहेब, या भागात नवेच आलेले. त्यांनी बघितलं तर कोरडी हीर, घागरींची रांग, आणि मधोमध हार घालून खुर्चीत बसलेला वयस्कर माणूस! साहेबांनी शर्ट खोचला.

“सर... आपण लातूरहून?”

“छे, छे! निलंग्याहून. मी सहज आलोय.”

सहज! साहेबांना घाम फुटला. सहज येणारे वरिष्ठ सगळ्यांत वाईट! आणि मास्तरांना वाटलं, चला, एक तरी शिकलेला माणूस भेटला. ते उठले, खुर्चीकडं बोट केलं आणि शाळेतल्या सवयीनं खणखणीत आवाजात म्हणाले, “हे काय आहे? एका शब्दात सांगा!”

साहेबांनी हीर पाहिली, घागरी पाहिल्या. “सर... चूक! उद्या सकाळी टँकर इथं उभा असेल, सर!”

आणि जीप अशी पळाली की विचारू नका!

चांदवाडीत काय जल्लोष झाला! बायाबापड्यांनी मास्तरांच्या पायांवर डोकी ठेवली. मास्तर लाजून अर्धे झाले. “बरं, येतो मी,” म्हणून त्यांनी खुर्चीला हात घातला.

“तुमी जावा, साहेब,” गुरुपादप्पा हात जोडून म्हणाले. “खुर्ची ऱ्हाऊ द्या. टँकरवाल्याला खुर्ची दिसली न्हाई, तर तो कुणाला भिणार?”

मास्तरांच्या डोळ्यांसमोर दारात उभ्या असलेल्या उमाबाई आल्या. मग रिकाम्या घागरी आल्या. घागरी लई होत्या.

दिवस मावळताना मास्तर रिकाम्या हातांनी गल्लीत शिरले. उमाबाई खरोखरच चौकट धरून उभ्या होत्या.

“खुर्ची?”

मास्तरांनी सगळं सांगून टाकलं. आता बोलणी बसणार म्हणून मान खाली घातली. उमाबाई एवढंच म्हणाल्या, “उठवाल ना मला?” आणि चौकटीला धरून हळूच उंबऱ्यावर बसल्या. मास्तरही शेजारी टेकले.

“सगळ्या मुलखाला इचारलं, घरात न्हाई इचारलं,” उमाबाई म्हणाल्या.

“तुमच्या माहेरी कानडीत कुर्चीच म्हणत असतील की.”

“माहेरी खुर्ची होती कुठं? तुमी मला बघाया आलात, त्या दिवशी बाबांनी शाळेतून उसनी आणली. आमी पोरींनी आधी कधी बघितलीच नव्हती. मी आईला इचारलं, हे काय गं? ती म्हणाली, कुणीतरी येणार हाय, म्हणून हे.” उमाबाई हसल्या. “मला अजून तेच वाटतंय. खुर्ची म्हंजी कुणीतरी येणार हाय.”

मास्तरांचे डोळे भरून आले. एवढी वर्षं अर्थ घरात बसला होता, आणि ते बाबिलोनला हिंडत होते! त्यांनी दोन्ही हात पुढं केले आणि उमाबाईंना उठवलं.

टँकर आला! रोज येऊ लागला. निरोप व्यंकटीनंच आणला. मास्तर आनंदानं म्हणाले, “मग आता खुर्ची टपावर टाकून आण की!”

“ती गावात न्हाई, मास्तर. चांदवाडीला टँकर आला म्हणून शेजारच्या गावानं नेली. तिथनं पुढच्यानं. सध्या खुर्ची दौऱ्यावर हाय!”

उमाबाई एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या की मास्तरांना त्यांना धरून ठेवावं लागलं.

व्याख्यान झालं. बाबिलोन, अरबस्तान, निजाम सगळं आटोपून मास्तर शेवटी म्हणाले, “पण खरा अर्थ आमच्या घरातून सांगतो. खुर्ची म्हणजे कुणीतरी येणार आहे. लोक तिच्याकडं बघून वाट बघत असतात. बसणाऱ्यानं तेवढं ध्यानात ठेवावं.” टाळ्या पडल्या. पहिल्या ओळीत उमाबाईंनी पदर तोंडाला लावला.

अध्यक्ष शाल-नारळ घेऊन पुढं आले. मास्तरांनी आपण बसलेल्या खुर्चीवर हात ठेवला. “शाल राहू द्या. पाऊस पडेपर्यंत ही खुर्ची उसनी मिळंल का?”

मिळाली! खुर्ची डोक्यावर घेऊन मास्तर पुढं, हळूहळू चालत उमाबाई मागं, अशी वरात निघाली. चौकात नळापाशी पोचले आणि मास्तरांना धाप लागली. त्यांनी खुर्ची खाली ठेवली. ठेवली मात्र, समोरच्या घरातून एक बाई डोकावली, दुसरीनं तिसरीला हाक मारली, आणि पहिली रिकामी घागर खणकन खुर्चीपुढं येऊन उभी राहिली.

मागून उमाबाई जिवाच्या आकांतानं ओरडल्या, “अहो, पाया पडते! बसू नका तेवढं!”