चंद्री आणि सोयाबीनचं पनीर

सुनंदाबाई जळगावचं तीन दिवसांचं गृहोद्योग शिबिर आटोपून चोपड्याला उतरल्या, त्या पिशवीत पाच किलो सोयाबीन आणि डोक्यात एकच निश्चय घेऊन. उंबरा ओलांडताच त्यांनी सासऱ्यांना सांगून टाकलं, "आबा, आता म्हैस विकायची. या दाण्यांचं दूध निघतं, दुधाचं पनीर होतं. ना शेण, ना लाथा."

लोटन आबा भडकले. "झाडना दानाले दूध येस का वं? उद्या दगडनं तूप काढशी! चंद्री कोठे जावाव नही!"

चंद्रीचं दूध हल्ली जेमतेम शेरावर आलं होतं, पण आबांचा तिच्यावर भारी जीव. बायकोला त्यांनी उभ्या जन्मात नावानं हाक मारली नव्हती. चंद्रीला दिवसातून चाळीसदा हाका मारत. इकडे सुनंदाबाईंची सात वर्षं शेणाच्या पाट्या उचलण्यात गेली होती. दोघंही हट्टाला पेटले. शेवटी पैज ठरली. दोन वाट्या ठेवायच्या, एकीत चंद्रीच्या दुधाचं पनीर, दुसरीत सोयाबीनचं. आबांनी आणि शेजारच्या हिलाल नानांनी चंद्रीचं ओळखलं तर ती राहील, नाहीतर येत्या बाजारी जाईल.

सुनंदाबाईंनी दाणे भिजवले, पाट्यावर वाटले, उकळले, गाळले, लिंबू पिळून दूध फाडलं आणि फडक्यात बांधून वरवंट्याखाली दाबलं. दंड भरून आले, पण पनीर पांढरंशुभ्र झालं. निम्मं त्यांनी चंद्रीच्या दुधाच्या पनीराबरोबर चुलीकडे दिलं. उरलेलं फडक्यासकट परसातल्या ओट्यावर राहिलं, आणि शेजारी गाळून उरलेल्या चोथ्याचं घमेलं.

रस्सा मात्र सासूबाईंनी, म्हणजे ताईबाईंनी केला. पैजेशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. "पाहुणा फिक्कं खाई गया, तं गावमा नाव मन्हं खराब व्हई," म्हणत त्यांनी दोन्ही पातेल्यांत मूठ मूठ काळा मसाला ओतला.

जेवायला बसण्याआधी आबा परसात गेले आणि चंद्रीच्या दाव्याची गाठ सैल करून आले. बाजार नशिबात असलाच, तर घटकाभर मोकळी राहू दे बिचारी.

पहिल्या घासाला हिलाल नानांच्या कानांतून वाफ निघाली. दुसऱ्याला त्यांनी तांब्या तोंडाला लावला.

"ओळखलं का, नाना?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"दोन्हीस्मा मिरची चांगली शे," नाना कसेबसे म्हणाले.

आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते तिखटाचं की चंद्रीचं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"नाही ना ओळखता आलं? म्हणजे म्हैस गेली."

"हाऊ बठ्ठा रस्साना गोंधय शे!" आबा गरजले. "कोरं पनीर आन. मी चव लेस."

"आणते की!" सुनंदाबाई तरातरा परसात गेल्या आणि किंचाळल्या. दावं सुटलेलं. ओट्यावरचं पनीर गायब. चंद्री घमेलं चाटत होती आणि फडक्याचं टोक तिच्या तोंडातून लोंबत होतं.

"चव तं तिलेच समजनी," नाना म्हणाले.

सुनंदाबाई हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. पुढच्या बाजारी पुन्हा पैज लावायची, आणि तीही कोऱ्या पनीराची, असं त्यांनी बजावलं. आठ दिवस त्या रोज पनीर करून हात बसवत राहिल्या. चोथा फेकून द्यायला जीव होईना म्हणून तो रोज चंद्रीपुढे जाई.

बाजाराच्या दिवशी ताईबाई चरवी घेऊन आत आल्या, ती काठोकाठ भरलेली. सुनंदाबाईंनी दूध स्वतः दोनदा मापलं. अडीच शेर! चोथा चंद्रीच्या अंगी लागला होता. त्यांनी गुपचूप त्याचं पनीर केलं आणि दोन्हींचा एकेक कोरा तुकडा तोंडात टाकला. सोयाबीनचं वाईट नव्हतं. चंद्रीचा मात्र त्यांनी दुसरा तुकडा घेतला, मग तिसरा.

पदरानं तोंड पुसून त्या बाहेर आल्या. आबा चंद्रीच्या गळ्यात हात टाकून उभे होते.

"आबा, जळगावहून दहा किलो सोयाबीन मागवायचं."

"पनीर कराले?" आबांचा आवाज खोल गेला.

"हो, पनीरच. पण यापुढे ते चंद्री करेल," सुनंदाबाई म्हणाल्या. "शेण मात्र तुम्ही काढायचं."

आबांनी लगेच पाटी उचलली.