रेवणप्पांचा कोरडा दिवस

"हितं डास न्हाईत," असं म्हणून रेवणप्पांनी स्वतःच्या मानेवर फाडकन चापट मारली. तळहात डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिला, त्यावरचं रक्त धोतराच्या सोग्याला पुसलं आणि वाक्य पुरं केलं, "वारा हाय की! वाऱ्यात डास टिकतोय व्हय?"

"मग आत्ता मारलंत ते काय होतं?"

"चिलट."

चिलट चावत नाही, आणि त्याच्या पोटात माणसाचं रक्तही नसतं. पण रेवणप्पांशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नव्हतं. मी तर बत्तीस वर्षं हरत आलो होतो.

सोलापुरातल्या एका गिरणीत, टाइमकीपरच्या ऑफिसात आम्ही दोघे एकाच दिवशी चिकटलो. ते माझ्याहून तीन वर्षांनी मोठे. मी रेवणप्पांवर जळायचो. यासाठी एखादा सभ्य शब्द मिळतो का ते पाहिलं, मिळाला नाही. खिडकीजवळची खुर्ची त्यांना मिळाली. चहाचा पहिला कप त्यांच्या टेबलावर यायचा आणि तळाचा गाळ माझ्या. हेडक्लार्कही तेच झाले. मला चाळिशीत टक्कल पडलं, त्यांचे केस पन्नाशीतही काळेभोर होते, आणि ते डोक्याला फक्त करडीचं तेल लावतात असं सांगायचे. मीही लावून पाहिलं. उशी तेवढी खराब झाली.

पण सगळ्यांत जास्त जळायचो ते संध्याकाळच्या भोंग्याला. भोंगा झाला की मी पिशवी काखोटीला मारून पळत सुटायचो. घरची भाजी, रॉकेलची रांग, आईचं औषध, कुणाची तरी फाटलेली चप्पल. रेवणप्पा मात्र दौतीचं झाकण सावकाश लावायचे, टाक पुसायचे, टोपी झटकायचे, मग गेटवरच्या वॉचमनशी गप्पा मारत उभे राहायचे. त्यांची बायको वारलेली, एकुलता एक मुलगा दूर मध्य प्रदेशात नोकरीला. घरात कटकट नाही, कुणाचं मागणं नाही. 'सुखी माणूस!' असं मी मनात म्हणायचो आणि रॉकेलच्या रांगेत जाऊन उभा राहायचो.

मग ते रिटायर झाले. निरोपाच्या समारंभात हार घालून घेतल्यावर ते म्हणाले, "आता कुंभारीच्या फुडं माळावर ऱ्हानार. टेकाडावर वडलांचं माळवदाचं घर हाय, दोन खोल्यांचं. वारा तर असा, की टोपी बांधून बसाय लागतंय. कवाबी या. बसा की जरा येऊन!"

सगळं ऑफिस हळहळलं. मी टाळ्या वाजवल्या, पण आवाज येणार नाही अशा बेतानं. शहराच्या पूर्वभागात माझ्या दोन खोल्या होत्या आणि त्यांत आम्ही सात माणसं. शेजारच्या विणकरांचे माग दिवसभर खडखडायचे. उन्हाळ्यात पत्रा तापला की आम्ही सातही जण भाजलेल्या शेंगांसारखे एका ओळीत पडायचो. आणि हा गृहस्थ टेकाडावर टोपी बांधून वारा खाणार!

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो खोट काढायलाच. यष्टीतून कुंभारीला उतरलो आणि पाऊलवाटेनं अर्धा तास चढलो. दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती, माळ अजून करपलेला दिसत होता. पण घर पाहिलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. दगडी ओटा, समोर मोकळं रान, लांबवर सोलापूरच्या गिरण्यांची धुराडी, आणि वारा खरोखरच टोपी उडवणारा. रेवणप्पांनी शेंगाचटणी आणि कडक भाकरी पुढं केली. तीही उत्तम होती. खोट कुठंच सापडेना.

वाटेच्या कडेला लिंबाखाली पाण्याचे रांजण मांडून ठेवले होते. एक नव्हे, दोन नव्हे, नऊ. सगळ्यांची तोंडं उघडी, आणि शेजारी खुंटीला लांब दांड्याचं ओगराळं.

"एवढे रांजण कशाला हो, अप्पा?" मी विचारलं.

त्यांचा चेहरा असा उजळला, की मी काही फार हुशारीचं बोललो असेन असं मला वाटलं. "सांगतो की! बसा," म्हणाले, आणि पहिल्या रांजणापासून सुरुवात केली. हा मोहोळच्या कुंभाराचा. हा अक्कलकोटाकडचा, ह्याचा कुंभार कानडीशिवाय बोलत न्हाय. ह्याला खालनं चीर हाय, ती लाखेनं बुजवली. रोज सकाळी खालच्या मळ्यातल्या विहिरीवरून कावडीनं पाणी आणून ते हे नऊ रांजण भरायचे. नववा संपेपर्यंत दिवेलागण झाली, आणि डास आले.

डास म्हणजे काय, ढग! कानात, नाकात, धोतराच्या निऱ्यांत. मी नाचायला लागलो. रेवणप्पा स्वतःच्या गालावर चापट्या मारत शांतपणे म्हणाले, "चिलटं हायत."

मला इतका आनंद कधीच झाला नव्हता. जेवणात खडा निघावा, आणि तो शेजारच्याच्या ताटात निघावा! दुसऱ्या दिवशी सुजलेलं तोंड घेऊन घरी आलो तर बायको म्हणाली, "तोंडाचा भोपळा झालाय आणि हसताय काय?" तिला काय सांगणार?

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण एकदा तरी त्यांच्या तोंडून 'डास' हा शब्द वदवून घ्यायचा, असं माझ्या मनानं घेतलं. महिन्या-दोन महिन्यांनी मी चढ चढून जायचो, फक्त तेवढ्यासाठी. एकदा मेलेला डास काड्यापेटीत घालून पुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ निरखला. "हे तुमच्यासंगं सोलापूरनं आलंय," म्हणाले. "बिचारं यष्टीत चुकलं असंल." संध्याकाळी ते शेणी पेटवून वर लिंबाचा पाला टाकायचे. हा धूर कशाला, विचारलं तर म्हणाले, "वासाला." भर चैत्रात डोक्यावरून दोन चादरी ओढून झोपायचे. ते का, तर थंडी वाजते. चैत्रातल्या सोलापुरात थंडी!

ऑफिसातले बाकीचेही माळावर जाऊन आले. गाठी आलेल्या हातांनी पान खात म्हणायचे, "काय वारा! काय माणूस! उठूच देत नाही." त्यांच्या अंगावरच्या गाठी त्यांना दिसत नव्हत्या. मी फुकट तळतळायचो.

शेवटी मी सरकारी उपाय केला. बायकोचा मामेभाऊ वसंतराव मलेरिया खात्यात इन्स्पेक्टर होता. "एका घरात भयंकर डास आहेत आणि मालक कबूल करत नाही," असं सांगून एका रविवारी त्याला माळावर घेऊन गेलो.

वसंतरावानं घराभोवती एक फेरी मारली. मग पहिल्या रांजणात ओगराळं बुडवून पाणी एका पांढऱ्या ताटलीत ओतलं. पाण्यात शेवयांचे बारीक तुकडे वळवळत होते.

"ह्या डासांच्या अळ्या," तो म्हणाला. दुसऱ्या रांजणात तेच. नवव्यातही तेच. "अप्पा, ह्या माळावर डबकं नाही, गटार नाही. इथं डास औषधाला मिळायचा नाही. हे तुम्ही पाळलेत."

मी रेवणप्पांच्या तोंडाकडे पाहत होतो. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या, आणि ह्या खेपेला मोठ्यानं.

"आठवड्यातून एकदा सगळे रांजण रिकामे करायचे, घासायचे आणि उन्हात पालथे घालायचे," वसंतराव सांगत होता. "आमच्या खात्यात ह्याला कोरडा दिवस म्हणतात."

"कोरडा दिवस?" रेवणप्पा दचकले. "आमी लिंगायत हाय, सायेब. घरात दारूचा थेंब न्हाय. आमाला कशाला कोरडा दिवस?"

वसंतराव हसला. त्यानं पुन्हा समजावून सांगितलं: दारूचा नव्हे, पाण्याचा. रेवणप्पांनी ऐकून घेतलं. मग ते ओट्यावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "एक दिवस कोरडा पाळा म्हनता. माजे सा दिवस कोरडेच जात्यात की, सायेब. मंगळवारी सोलापूरच्या बाजाराला मानसं ह्या वाटेनं जात्यात, तेवढा एक दिवस वला."

वसंतराव गोंधळला. "मग निदान झाकणं तरी घाला."

"झाकन घातलं की मानूस लांबनंच बगतोय, बंद हाय म्हनतोय अन् फुडं जातोय. एकच रांजन असता तर उभ्या उभ्या पानी पिऊन गेला असता. नऊ दिसले की थांबतोय. 'एवढे कशाला वो?' म्हनून इचारतोय. मग मी सांगाय लागतो. तेवढा येळ टेकतोय."

मला आठवलं, मीही विचारलं होतं. आणि मीही टेकलो होतो.

रेवणप्पा माझ्याकडे वळले. "डासच हायत ते, देशमाने. चिलटं न्हवंत. पयल्या दिवसापासनं म्हाईत हाय मला. पन डास हायत म्हनलं असतं तर तुमी दुसऱ्यांदा आला असता व्हय?"

बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मी जिंकलो होतो. ज्या शब्दासाठी इतक्या खेपा घातल्या तो त्यांनी आपण होऊन दिला. आणि मला मान वर करवेना. खरं तर, डास आहेत म्हणूनच मी दुसऱ्यांदा आलो होतो. तिसऱ्यांदा आणि दहाव्यांदाही. हे कुठल्या तोंडानं सांगणार?

"तुमचा लई हेवा वाटायचा मला," ते म्हणाले.

"माझा?" मी उडालोच. "अप्पा, माझ्यात आहे काय?"

"भोंगा झाला की तुमी पिशवी घिऊन पळत सुटायचा. मी खिडकीतनं बगायचो. म्हनायचो, ह्या मानसाची कुनीतरी वाट बगतंय. मी दौत बंद कराय पाव तास लावायचो. लवकर जाऊन करायचं काय?"

माळावर वारा सुटला होता. माझ्या मानेवर काहीतरी चावत होतं, पण चापट मारायची मला लाज वाटली.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं, माझं जळणंसुद्धा. तिनं शिव्या घालायला हव्या होत्या. तिनं आमची जुनी मच्छरदाणी काढली, तिचे नऊ तुकडे केले आणि प्रत्येकात नाडी ओवली. रांजणांच्या तोंडाला त्या जाळ्या बांधल्या तेव्हा रेवणप्पांनी वाटेवर लांब जाऊन, वाटसरूसारखं चालत येऊन पाहिलं. "पानी दिसतंय," म्हणाले. "बंद वाटत न्हाय." जाळ्या पास झाल्या. राहिला कोरडा दिवस. सोमवार शिवाचा, तो नको. मंगळवार बाजाराचा, त्याचं नावच नको. मी म्हणालो, "रविवार ठेवा. मला सुटी असते. मी येतो घासायला."

तेव्हापासून दर रविवारी मी काथ्या घेऊन माळावर जातो. रांजणांतलं पाणी आम्ही लिंबाच्या आळ्यात ओततो, नऊ रांजण घासतो आणि ओट्यावर बसतो. डास दोनेक महिन्यांत गेले. 'हितं डास न्हाईत' हे आता खरं झालं, तर रेवणप्पा ते म्हणायचं विसरूनच गेले.

माझी खोड मात्र गेलेली नाही. मागच्या रविवारी माझी यष्टी चुकली, पोचायला तासभर उशीर झाला. लिंबाजवळ आलो तर ओट्यावर, माझ्या जागेवर, एक धनगर घोंगडं टाकून बसलेला. बायकोनं डब्यात दिलेल्या शेंगाचटणीइतकंच झणझणीत काहीतरी छातीत उठलं. मंगळवारचं ठीक आहे, पण रविवारी? मी झाडाआडच थांबलो. रांजण घासून उन्हात पालथे घातलेले होते, सगळे नऊ. म्हणजे त्यांनी एकट्यानं उरकलं होतं.

"सगळंच पालथं?" धनगर विचारत होता. "मंजी आज तुमचा कोरडाच दिवस म्हना की, अप्पा."

"छ्या!" रेवणप्पा म्हणाले. "रांजनांचा कोरडा. माजा न्हाय. रविवारी आमचे देशमाने येत्यात. येतीलच बगा आता. उशीर हुतोय कवा कवा, घर भरलेलं हाय त्यांचं."

मी झाडाआडून पुढं आलो. रेवणप्पांनी धनगराला सरकायला सांगून माझी जागा मोकळी केली. मग माझ्याकडे निरखून पाहिलं.

"अवो, डोळ्यात काय गेलं?"

"चिलट," मी म्हणालो.

"जातंय की," रेवणप्पा म्हणाले. "वारा हाय. बसा."