हजाराव्या दिवसाचा बोकड

"हिरवं ते हिरवं! त्यात कसली आलीय विद्या?" सारिजोनं छाती ठोकून सांगितलं. "पामच्या मळ्यात एवढं तण माजलंय, दोन महिन्यांत बोकडाचा हत्ती करून दाखवतो!"

बायकोला, पानिकेमला, जाऊन हजार दिवस होत आले होते. त्यांच्या रीतीप्रमाणे हजाराव्या दिवशी गावाला बोकडाचं जेवण घालायचं, कबरीवर पक्का दगड बसवायचा, की माणूस कायमचा गेला. दफनानंतर सारिजो कबरस्तानाकडे फिरकलाच नव्हता. बोकड मात्र शेजारच्या तुमिनीकडून घेऊन ठेवला.

पहिल्या दिवशी त्यानं भाराभर नेचा कापून आणला. बोकडानं हुंगला आणि तोंड फिरवलं, जावयाला शिळा भात वाढावा तसं!

"अहो भावजी, नेचा कोण खातं?" तुमिनी हसली. "पानिकेम पांढऱ्या-जांभळ्या फुलांचं तण आणायची. बकऱ्या तिच्यामागे वरातीसारख्या चालायच्या!"

"ठाऊक आहे मला!" सारिजो गुरगुरला. ठाऊक नव्हतं. तीस वर्षं ती भारे आणत होती, यानं एकदाही आत काय आहे ते पाहिलं नव्हतं.

शोधायला गेला, तर मुकादमानं तणनाशक फवारून मळा न्हाव्यानं केल्यासारखा गुळगुळीत केलेला! बोकड इतका वाळला, की वारा सुटला की वाजायचा. आणि जेवणाच्या आदल्या दिवशी, दाव्यातून मान सहज निसटली आणि बोकड पसार!

"चोर!" सारिजो ओरडला. "वाघ!" कोणीतरी भर घातली. अर्धं गाव काठ्या घेऊन धावलं, उरलेलं अर्धं मशिदीत जाऊन बसलं.

बोकड सापडला कबरस्तानात. तिथं फवारणी नव्हती. पानिकेमच्या कबरीवर पांढरी-जांभळी फुलं कमरेएवढी माजली होती, आणि बोकड त्यात शिरून चरत होता.

सारिजो कबरीपाशी बसला. मूठभर तण उपटलं, पुढे केलं. बोकडानं पहिल्यांदाच त्याच्या हातचं खाल्लं.

"भावजी, उद्याचं जेवण?" तुमिनीनं हळूच विचारलं.

"झालं की आत्ताच," तो नाक पुसत म्हणाला. "वाढणारी तीच होती."

दुसऱ्या दिवशी गावानं बोकडाऐवजी आंबवलेल्या सोयाबीनचं टेम्पे आणि भात कुरकुरत खाल्ला. दगड अजून बसलेला नाही. कोणी विचारलं, की सारिजो खेकसतो,

"दगड बसवला तर तण कुठं उगवणार? बोकड खाईल काय, तुमचं डोकं?"