लाज ठेवली, शरम पाठवली

मुलांनो, 'लाजशरम' या शब्दातली लाज कुठली आणि शरम कुठली, सांगाल का? नाही ना? सगुणालाही ठाऊक नव्हतं.

एका जंगलात एक टेकडी होती. तिथे सगुणा नावाची खेचर राहायची. रोज ती नदीवरून पाण्याच्या पखाली पाठीवर घालून वर आणायची. सशांची पिल्लं प्यायची, साळिंदरआजी प्यायची. उरलेलं पाणी हंसरावांच्या हौदात जायचं. हंसराव नदीवर जात नसत. ते त्यांना शोभत नसे.

दूध आणि पाणी वेगळं करतात, अशी त्यांची ख्याती. म्हणून त्यांना शब्दशुद्धी समितीचं अध्यक्ष केलं. त्यांनी जोडशब्द फोडायला घेतले. घरचा तुकडा ठेवायचा, परका नदीपार धाडायचा.

'लाजशरम'मधली लाज घरची निघाली, शरम इराणातली. शरम गेली. समितीला एकदम मोकळं वाटू लागलं. 'विनंतीअर्ज'मधला अर्ज अरबी निघाला, तोही गेला. 'धनदौलत' तेवढी हंसरावांनी अख्खी स्वतःकडे ठेवली, अधिक अभ्यासासाठी.

शब्द संपले, तेव्हा त्यांची नजर सगुणाकडे वळली.

"सगुणाबाई, तुमचं मूळ काय?"

"आई घोडी, बाप गाढव."

"म्हणजे तुम्हीही जोडशब्दच. निम्म्या राहा, निम्म्या नदीपार जा."

"कुठली निम्मी पाणी वाहते तेवढं सांगा. ती ठेवून जाते."

"हा उद्धटपणा बापाकडचा दिसतो. अख्ख्याच जा."

सगुणाचा जन्म टेकडीवरचाच. दुसरं घर तिला माहीत नव्हतं. पखाली तशाच पाठीवर घेऊन ती खाली उतरली.

दुपारी सशांची पिल्लं रडू लागली. उन्हं कलेपर्यंत हौदाचा तळ दिसला आणि हंसराव चिखलात टेकले.

"तिला बोलवा. विनंतीअर्ज लिहा."

"विनंती आहे, साहेब," साळिंदरआजी म्हणाली. "अर्ज पलीकडे गेलाय. तुम्हालाच जावं लागेल."

"लाज वाटेल हो मला."

"वाटू द्या. ती घरचीच आहे."

हंसराव डुलत डुलत नदीपार पोचले.

"निम्मी येऊ की अख्खी?" सगुणाने विचारलं.

"अख्खी," हंसराव म्हणाले. "आणि चढ फार आहे. मलाही घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणा पाणी घेऊन टेकडी चढली. दोन पखालींच्या मध्ये हंसराव बसले होते.

तात्पर्य : भेसळ जरूर हद्दपार करावी. फक्त आधी हौद भरून घ्यावा.