ब्रॅझवेल काउंटीची खानेसुमारी

"घरं मोजू नकोस, मुली. माणूस परत कुठे यायचं म्हणतो, तेवढं विचार," रहिवाशांची यादी माझ्या हाती देताना काउंटी कचेरीतल्या जुन्या कारकून ऑगस्टाबाईंनी बजावलं होतं. त्या सूचनेत टेक्सासचं अर्धं शहाणपण आहे.

पृथ्वीवरच्या कुठल्याही जमिनीला दोन बाजू असतात : वरची आणि किमतीची. आमच्या ब्रॅझवेल काउंटीत देवाने वर धूळ ठेवली आणि खाली तेल, म्हणजे माणसाने वर फार रेंगाळू नये. तेलविहिरी पाच हजार दोनशे चौदा. लोकसंख्या चौऱ्याहत्तर. मतदार एक्क्याण्णव (लोकशाहीवरची आमची श्रद्धा लोकसंख्येत मावत नाही). शाळेत मुलं अकरा, फुटबॉलच्या मैदानावर दिवे चाळीस.

याखेरीज विहिरींवर राबणारे तेवीसशे पुरुष पत्र्याच्या फिरत्या घरांत राहतात. त्यांची नोंद 'वर्दळ' या रकान्यात होते.

कुणाला हा अन्याय वाटेल. पण नियम सरळ आहे : जिथे परतण्याचा इरादा, तिथला रहिवासी. आमचे काउंटी जज, म्हणजे काउंटीचे मुख्य कारभारी, रॉइस टॅकेट दीडशे मैलांवरच्या शहरात, हिरवळीच्या बंगल्यात राहतात. परंतु त्यांचा दात घासायचा ब्रश ब्रॅझवेलमध्ये आहे आणि परतण्याचा इरादा ते रोज नव्याने करतात. असा निश्चय साधुसंतांनाही जमत नाही.

गेल्या महिन्यात वर्दळीतला एक माणूस वारला. ड्यूई आन्सले, पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर. अकरा वर्षं इथे होता. मागे कुणी नाही. मजुरांचं स्वयंपाकघर चालवणाऱ्या लाव्हेल स्ट्राउडकडून त्याने वचन घेतलं होतं, की मला इथल्याच टेकडीवर पुरा. टेकडीवरची दफनभूमी मात्र केवळ रहिवाशांसाठी. लाव्हेलने अर्ज केला; सोमवारी सुनावणी झाली.

"माणूस गुणी होता गं, लाव्हेल," जजसाहेब हळहळले. "पण इथला नव्हता."

"अकरा वर्षं इथे झोपला, साहेब. तुम्ही किती रात्री झोपलात?"

"झोपेचं काय घेऊन बसलीस? इरादा कुठला होता, ते बोल."

"इथलाच! आता तो जाणार तरी कुठे परत?"

"तेच म्हणतोय मी. मेलेल्याला कसला आलाय इरादा?"

"मग टेकडीवर जे निजलेत, त्यांचा काय इरादा आहे? विचारून येऊ?"

जजसाहेब पाणी प्यायले. मग त्यांनी दाखवून दिलं, की दफनभूमीखालून तेलाचं आडवं बोअर गेलं तेव्हा तिथल्या एकाही रहिवाशाने हरकत घेतली नव्हती. अशी समंजस वस्ती बाहेरच्यांनी बिघडवू नये. काउंटीच्या मंडळाने अर्ज एकमताने फेटाळला. बुधवारी चर्चमध्ये आम्ही सगळ्यांनी 'शेजाऱ्यावर प्रीती कर' हे वचन म्हटलं. शेजारी कोण, हे ठरवायलाच तर यादी असते.

लाव्हेल स्वतः चौऱ्याहत्तरावी रहिवासी. टेकडीवर तिच्या नावाची जागा राखीव आहे. गुरुवारी ती कचेरीत आली आणि ती जागा उघडण्याचा अर्ज भरून दिला. आत कोण जाणार, हे विचारणारा रकाना त्या अर्जात नाही.

"लाव्हेल," मी हळूच म्हटलं, "जागा भरली की ती ज्याच्या नावाची, तो रहिवासी नियमाने यादीतून वजा होतो. तुझं नाव जाईल गं. मत जाईल. उद्या तुलाही इथे जागा नाही."

"मला कुठे टाकशील मग?"

"वर्दळीत."

"बरं झालं. सोबत तरी मोठी आहे."

मी शिक्का मारला. लोकसंख्या त्र्याहत्तर झाली.

वाचकहो, आमच्या जजसाहेबांना तुम्ही हसत असाल. खुशाल हसा. फक्त त्याआधी, तुमच्या घराच्या भिंती ज्याने रचल्या त्याचं नाव आठवून पाहा. नाही आठवत? लाजू नका. त्र्याहत्तरात जागा आहे. ब्रश तेवढा पाठवून द्या.

खिडकीबाहेर लाव्हेलने गाडीत फावडं ठेवलं, डोक्याचा रुमाल घट्ट बांधला आणि ती टेकडीच्या रस्त्याला लागली.