डब्यातले बाबा

एखादी वस्तू मी पारखून घेतली की ती चुकीची निघणं शक्यच नाही! साधा कुकर घ्यायला मी सहा दुकानं फिरलो होतो आणि प्रत्येक दुकानात शिट्टी वाजवून पाहिली होती. पंचायत समितीत कॉम्प्युटरवर बसणारा माणूस मी, त्यामुळे केळापुरात या बाबतीत माझा शब्द अखेरचा. मग घरातले सगळे फोटो, व्हिडिओ आणि कागद कायमचे जपून ठेवणारा डबा निवडायला मी तीन महिने घेतले, तर बिघडलं कुठे?

डबा हवा होता तो मायच्या जुन्या फोनमुळे. त्याची बॅटरी पुरीसारखी फुगली होती आणि बाबांचा एकुलता एक व्हिडिओ त्यातच होता. एक्केचाळीस सेकंदांचा! बाबा नवा सदरा घालून खुर्चीत ताठ बसलेत आणि सारखे एकच विचारताहेत, "चालू झालं काय बे?" मागून मी म्हणतो, "बोला ना बाबा!" ते पुन्हा, "बोलतो ना! पन चालू झालं काय?" संपला व्हिडिओ. पुढच्या वेळी नीट काढू म्हणता म्हणता बाबाच गेले. तेव्हापासून संध्याकाळी बुद्धवंदना झाली की माय तो लावायची आणि बाबांनी विचारलं की न चुकता उत्तर द्यायची, "झालं जी, चालू हाय."

मी फोनकडे बघत नसे. मला ऐकवत नव्हतं.

तर डबा! रोज जेवताना मी घरच्यांना समजावून सांगायचो. डबा वायफायला जोडायचा, मग घरातल्या कुठल्याही फोनवर त्यातलं सगळं दिसतं. एका डिस्कचा घ्यावा की दोन डिस्कांचा, यावर मी बायकोशी, रुपालीशी, आठवडाभर वाद घातला. म्हणजे मी घातला, ती भाकरी थापत होती. शेवटी मी यवतमाळहून दोन डिस्कांचा आणला. मायने तो मडकं वाजवून पाहतात तसा बोटाने वाजवून पाहिला.

"दोन डिस्का कायले?"

"जे एकीवर, तेच दुसरीवर! एक खराब झाली तरी दुसरी हाय!"

"अन् डबाच गेला त?"

"डबा कोठी जाते, माय? त्याले काय पाय हायेत?"

"घरले आग लागली त?"

मी हसलो. मायचा स्वभावच तसा. दरवर्षी तुरीचं बी राखायची ते अर्धं आमच्या मडक्यात आणि अर्धं शेजारच्या मोतीबाईच्या घरी. मोतीबाईचं अर्धं आमच्याकडे. उंदीर लागला, घर गळलं, तरी एका घरचं बी वाचतं, असं दोघींचं म्हणणं. मी म्हटलं, "माय, हे बियाणं नोहे, टेक्नॉलॉजी हाय!"

ती उठून मोतीबाईकडे गेली. मी सगळं डब्यात भरलं आणि कॉम्प्युटर पुसून कोरा केला. मायचा फोनही पुसला. एकच गोष्ट तीन जागी ठेवणं म्हणजे पसारा, असं माझं मत होतं. होतं!

त्या वर्षी बोंडअळीने शेतातला अर्धा कापूस खाल्ला. उरलेला भाव चढेपर्यंत धरून ठेवायचा म्हणून पुढच्या खोलीत भरला होता, पार छतापर्यंत. अख्खं घर खाजवत होतं. शेती माझा धाकटा भाऊ संघदीप बघतो, म्हणून तो कापसावरच झोपायचा आणि सर्वांत जास्त खाजवायचा.

अशात वणीला बहिणीच्या, दीपाच्या, नव्या घराचा कार्यक्रम आला. संघदीप शेतावर राहणार, बाकी आम्ही सगळे जाणार. निघताना माझी नजर डब्यावर गेली. फळीवर निळा दिवा लुकलुकत होता. चोराला वाटायचं, यात सोनंनाणंच आहे! आमच्याकडे घर सोडून जाताना मौल्यवान वस्तू कापसात खुपसून ठेवायची रीत आहे. मंगळसूत्र, जमिनीचे कागद, एकदा तर रुपालीने तुपाची बरणी ठेवली होती. तेव्हा मीही डब्याची वायर काढली आणि तो खांद्यापर्यंत हात घालून कापसात खोल सरकवला. कोणाला सांगितलं नाही. गुप्तता म्हणजे गुप्तता!

वणीत जेवणाच्या पंगतीत बातमी कळली, कापसाचा भाव चढला. मी पातळ भाजीच्या वाटीत बोट बुडालेलं असतानाच संघदीपला फोन लावला.

"संघ्या, गाडी बोलाव! आत्ताच्या आत्ता कापूस भरून जिनिंगवर ने!"

"तू आल्यावर भरू ना, दादा."

"अबे, भाव काय माह्यासाठी थांबून राहीन? भर!"

त्याने भरला. फोन ठेवून मी पंगतीला सांगितलं की निर्णय घ्यायला डोकं लागतं, आणि जिलबी मागून घेतली.

तीनच्या सुमाराला घरी पोचलो. पुढची खोली रिकामी! झाडून स्वच्छ! रुपालीला तर आनंदाने रडू यायचं बाकी होतं. "आवो, भिंत दिसून राह्यली!" मीही म्हटलं, "वा!" मग फळीकडे पाहिलं. मग रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात फोन वाजला. संघदीप होता.

"दादा, लवकर ये. मले धरून ठेवलं यांनी."

पांढरकवड्याच्या जिनिंग कारखान्यापर्यंत गाडी कशी चालवली, मला आठवत नाही. कापसाच्या डोंगराशेजारी तीसेक माणसं गोल करून उभी होती आणि मध्ये संघदीप मान खाली घालून उभा होता. कापूस पारखणारे नानाजी तावातावाने बोलत होते.

"वजन वाढवाले लोक पानी मारतात, गोटे टाकतात, मी समजू शकतो. पन लोखंड? ठिणगी उडाली असती त सारी जिनिंग पेटली असती!"

त्यांच्या पायाशी माझा डबा होता. गाडी रिकामी करताना तो फरशीवर पडला होता आणि मागे येणाऱ्या ट्रॅक्टरचं चाक त्याच्यावरून गेलं होतं. एक डिस्क गेली तरी दुसरी शिल्लक राहते, असं मी तीन महिने सांगत होतो. दोघी बहिणी गळ्यात गळा घालून पापडासारख्या चपट्या झाल्या होत्या!

"वजनासाठी नाई टाकला जी," संघदीप रडकुंडीला येऊन म्हणाला. "आमचे बाबा हायेत त्यात."

नानाजींनी डब्याकडे पाहिलं आणि हळूच डोक्यावरची टोपी काढली. मागच्या बायांनी हात जोडले. कोणीतरी कुजबुजलं, "अस्थी असतीन." ट्रॅक्टरवाला तर पांढराफटक पडला, धावत आला आणि डब्याच्या पाया पडला.

"कधी गेले?" नानाजींनी विचारलं.

खरं सांगायला मी तोंड उघडलं. पण बाहेर आलं ते फक्त, "दोन वर्षं झाली," आणि मग मी तिथे तीस माणसांसमोर ढसाढसा रडलो. बाबा गेले तेव्हा मी रडलो नव्हतो, पंगतीची भांडी मोजत होतो. नानाजींनी मला पाणी दिलं, कापूस मापून घेतला आणि डबा स्वच्छ फडक्यात बांधून माझ्या हातात ठेवला.

घरी आलो तर वंदना होत आली होती. मी गाठोडं मायसमोर ठेवलं.

"माय, बाबा गेले. माह्यामुळे गेले."

तिने गाठोडं सोडलं, पाहिलं, पुन्हा बांधलं. मला वाटलं आता ती रडेल, आणि ते मला बघवणार नाही.

"रडतो काहून?" ती म्हणाली. आणि कुंपणाकडे तोंड करून तिने हाक मारली, "मोतीबाई! वो मोतीबाई! फोन आन वो तुहा!"

मोतीबाई पिठाच्या हाताने फोन घेऊन आली. "म्या म्हटलंच, अजून मांगाले कशी आली नाई!" असं म्हणत तिने बटण दाबलं. नवा सदरा, ताठ मान.

"चालू झालं काय बे?"

"तू माहा फोन पुसनार म्हने," माय मला म्हणाली, "म्हनून त्याच्या आधीच मोतीबाईच्या फोनात देऊन आली. तिनं दीपाले धाडला. बी कधी एका घरी ठेवतेत काय, बापू?"

"बोलतो ना! पन चालू झालं काय?" बाबांनी पुन्हा विचारलं.

मायने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी ती उत्तर देईना. मी नाक पुसलं आणि म्हणालो, "झालं बाबा. चालू हाय."

आता तुम्ही विचाराल, तीन महिने पारखून घेतलेला डबा वाया गेला का? मुळीच नाही! मायने तो मोतीबाईकडच्या आमच्या तुरीच्या मडक्यावर वजन म्हणून ठेवलाय. अजून एकही उंदीर आत गेलेला नाही.